नवाश्मयुगातली दगडी ठिकाणं पाहताना पूर्वजांशी नातं खरंच जाणवतं का? सातारा-सांगलीकडे असं काही आहे का?

जाणवतं. पण जिथं जाणवेल म्हणून गेलो होतो, तिथं नाही.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. आपल्याकडे मारुतीच्या देवळापाशी ओळीनं उभे असलेले वीरगळ मध्ययुगातले. कराडजवळची आगाशिवची लेणी बौद्ध, साधारण दोन हजार वर्षांची. यातलं काहीही अश्मयुगातलं नाही. (आमच्या गावच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी वीरगळाचा फोटो टाकतं, खाली 'पाच हजार वर्षं जुना'. मी आता वाद घालणं सोडलंय.) नवाश्मयुग (म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या दगडी हत्यारांचा, शेती आणि गुरं पाळायला सुरुवात झाली तो काळ) बघायचं तर कर्नाटकात जावं. मी जतचा, कानडी येतं, म्हणून बळ्ळारी गाठली. मिरजेहून रेल्वेनं हुबळी, गदग, होस्पेट करत.

बळ्ळारीजवळ संगनकल्लू आणि कुपगल ही गावं. तिथल्या टेकड्यांवर इ.स.पू. ३००० ते १२०० च्या सुमारास गुरं पाळणारी माणसं राहत होती आणि डोलेराइट या काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवत होती. आधी छिलके उडवून आकार द्यायचा, मग ठेचून उंचवटे सपाट करायचे आणि शेवटी ग्रॅनाइटवर घासायचं. घासून घासून त्या ग्रॅनाइटलाच खोलगट चर पडलेत. त्यातून तळवा फिरवला आणि आमच्या घरचा पाटा आठवला. टाकी लावायला झालेला, ज्यावरून मिरची नुसतीच घसरते, तितका गुळगुळीत. टेकडीचे भव्य फोटो मी घरी बसून शंभर वेळा बघितले होते, प्रत्यक्षात त्यांचं काही वाटलं नाही. त्या चरापाशी मात्र अर्धा तास बसून राहिलो.

कुपगलच्या काळ्या दगडांवर बैल कोरलेत. वशिंड आणि मागे गेलेली लांबच लांब शिंगं. खिलार म्हणजे यांचेच वंशज असं मी म्हणणार नाही, पण यल्लम्माच्या जत्रेत बैल बघत वाढलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

खरा धक्का राखेच्या ढिगाऱ्यानं दिला. बळ्ळारी-होस्पेट रस्त्यालगत कुडतिनीला असा एक आहे. जवळून पाहिलं तर काही ठिकाणी राख वितळून भट्टीतल्या लोखंडाच्या मळीसारखी झालेली. हंपीजवळच्या अशाच एका ढिगाऱ्याला लोक वालीच्या चितेची राख म्हणतात. ही शेणाची राख आहे, असं भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. तेलंगणातल्या उटनूरला पुरातत्त्वज्ञ आल्चिन यांनी १९५७ साली खोदलं, तेव्हा तसल्याच ढिगाऱ्यात गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. म्हणजे गोठाच. वर्षानुवर्षं शेण साठायचं आणि मधूनमधून ते पेटवून द्यायचे. आल्चिन यांनी याचा संबंध गुरांच्या सणांशी लावला. आमच्याकडे शेणीचा एवढा ढीग कुणी पेटवला तर आजी काठी घेऊन धावली असती, पण बेंदराला बैलांपुढं नारळ फोडणारीही तीच.

तिथं एक मेंढपाळ भेटला. त्याच्याशी कानडीत पेरण्यापाण्याचं बोलणं निघालं. म्हणाला, 'हुरळी'. हुरळी म्हणजे आपला हुलगा. संगनकल्लूच्या उत्खननात हुलग्याचे आणि मुगाचे जळके दाणे सापडलेत. घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? दुष्काळात दुसरं काय येतंय?" आणि रात्री हुलग्याचं माडगं केलं.

रक्ताचं नातं असेल-नसेल, मला त्यात फारसा रस नाही. कोरडवाहू जमीन, हुलगा, शेण आणि गुरं हे चारही ओळखीचे निघाले, म्हणून जवळचं वाटलं. तुम्ही साताऱ्यातल्या माण-खटावकडचे असाल तर तुम्हालाही वाटेल. पावसाच्या पट्ट्यातले, जावळीकडचे असाल तर कदाचित नाही.

जायचं तर दिवाळीनंतर जा, उन्हाळ्यात बळ्ळारीचा दगड भाजून काढतो. शहरात फूट यांच्या नावाचं संग्रहालय आहे, ते आधी बघा, म्हणजे टेकडीवर काय शोधायचं ते कळतं. आणि कुपगलला काही दगड ठोकले की घंटेसारखे वाजतात, त्यांच्यावर त्या ठोकण्याचे जुने खळगे आहेत. ते वाजवू नका, खळगे झिजतात. मी एकदा वाजवला, खोटं कशाला सांगू.