मोंटानात शिकार करताना मोबाइल ॲपवरील जमिनीच्या हद्दीवर कितपत विसंबावे?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या सरकारी जमिनीवर एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जाताना ऑनएक्स हंटसारख्या ॲपवर दिसणारी खासगी मालकीची रेघ आणि जागेवरचे कुंपण जुळत नसेल, तर खरे कशाला मानायचे. जमिनींच्या नकाशांचे काम करणारा या नात्याने सांगतो, की यांपैकी एकालाही हद्द मानू नये. कुंपण बहुतेकदा चढउतार आणि खडक पाहून सोयीच्या जागी घातलेले असते, आणि ॲपवरची रेघ कोणी त्या जागी उभे राहून मोजलेली नसते.

ती रेघ मुळात कर आकारणीच्या नकाशांतून येते. मोंटानात हे नकाशे राज्य ग्रंथालयाकडून सर्वांना उपलब्ध होतात, आणि कर कोणाच्या नावावर लावायचा हे ठरवण्यास ते पुरेसे असले, तरी अमुक झाड हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवण्यास ते पुरत नाहीत. आपल्याकडे भूनकाशावरचा गट पाहून कोणी बांध सरकवत नाही, भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागवावी लागते, तसेच हे आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतील बहुतेक जमीन १७८५ च्या कायद्यापासून चालत आलेल्या पद्धतीने विभागलेली आहे: सहा मैल बाजूच्या चौरसाची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, आणि एक सेक्शन साधारण ६४० एकरांचा. कागदावर हे चौकोन रेखीव दिसतात. प्रत्यक्षात जुनी मोजणी ६६ फुटांची साखळी डोंगरदऱ्यांतून ओढत झाली, त्यामुळे सेक्शनची बाजू नेमकी एक मैल क्वचितच भरते. तरीही कायद्याने प्रमाण धरली जाते ती मूळ मोजणीदाराने रोवलेली खूण, मग ती गणिताप्रमाणे जिथे असायला हवी तिथे नसली तरी. दुर्गम भागात, जिथे आधुनिक यंत्र घेऊन कोणी त्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा गेलेलेच नाही, तिथे नकाशातील कोपरा हिशेबाने बसवलेला असतो आणि तो शंभर फुटांहूनही अधिक चुकू शकतो. गावाजवळच्या, अलीकडे मोजून प्लॉट पाडलेल्या जमिनीत हाच फरक काही फुटांवर येतो.

त्यात फोनची चूक मिसळते. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरच्या आत आपली जागा दाखवतो, मात्र दाट पाइनखाली किंवा कड्यालगत तो याहून बराच भरकटतो.

म्हणून शक्य असेल तिथे सेक्शनचा कोपरा शोधावा. तिथे पुष्कळदा लोखंडी नळीवर बसवलेली पितळी टोपी सापडते आणि तिच्यावर टाउनशिप, रेंज (टाउनशिपच्या उभ्या पट्ट्याचा क्रमांक), सेक्शनचे आकडे व मोजणीचे वर्ष ठोकलेले असते. तिच्याजवळ उभे राहून ॲपवरचा कोपरा किती दूर दिसतो ते पाहिले, की त्या परिसरातील फरकाचा अंदाज येतो. जिथे दोन सरकारी आणि दोन खासगी चौकोन एकाच कोपऱ्याला भिडतात, तिथे त्या कोपऱ्यावरून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात ओलांडण्याचा विचार असेल, तर अधिक सावध राहावे. वायोमिंगमधील एल्क माउंटनजवळ शिडीने कोपरा ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने दहाव्या सर्किट न्यायालयाने (काही राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने) २०२५ मध्ये निकाल दिला खरा, पण मोंटाना त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

माझ्या मते ॲपचा खरा उपयोग शेजारच्या जमिनीचा मालक कोण हे समजण्यासाठी आहे, आणि तो उपयोग फार मोठा आहे. मोंटानात खासगी जमिनीवर शिकारीसाठी मालकाची परवानगी लागतेच, प्रवेशबंदीची पाटी किंवा नारिंगी रंगाची खूण असो वा नसो. मी स्वतः अनोळखी रानात रेघेपासून निदान पन्नास मीटर आत राहतो. गोळी लागलेले जनावर मात्र हे अंतर पाळत नाही, आणि ते पलीकडे जाऊन पडल्यास आणण्यासाठीही परवानगी लागते. तेव्हा हद्दीलगत बसायचे ठरवले असेल, तर त्या मालकाशी हंगामापूर्वीच बोलून ठेवा.