पान माझं, चौकट दुसऱ्याची

प्रश्न : विणकामाच्या नमुन्यांची माझी छोटी वेबसाइट आहे. सभासद लॉग-इन करून आवडते नमुने साठवतात. माझी पानं एका भलत्याच साइटवर, त्यांच्या पट्टीखाली आणि जाहिरातींच्या मधोमध दिसतात, असं एका सभासदानं कळवलं. वर पत्ताही त्यांचाच. ‘फ्रेममध्ये (म्हणजे दुसऱ्या पानातल्या चौकटीत) असशील तर बाहेर पड’ असं सांगणारी दोन ओळींची जावास्क्रिप्ट मी टाकली, तरी पान तिथंच. त्यांना मेल केली, उत्तर नाही. काय करू?

उत्तर : उत्तराची वाट बघू नका. हा बंदोबस्त तुमच्या सर्व्हरवरच होतो.

तुमची स्क्रिप्ट हरली, कारण ती दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर दार शोधते आहे. पान फ्रेममध्ये उतरतं, मगच ती चालू होते. आणि तिथले नियम फ्रेम बांधणारा ठरवतो. त्यानं आयफ्रेमला, म्हणजे त्या चौकटीला, ‘सँडबॉक्स’ हे आतल्या पानावर निर्बंध घालणारं कुंपण लावलं आणि बाहेरचं पान बदलायची परवानगी दिली नाही, की तुमची उडी जागच्या जागी अडते. 2010 साली स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या संशोधकांनी अलेक्साच्या सर्वाधिक भेटींच्या यादीतल्या पहिल्या 500 साइटवरचे असे कोड तपासले. एकूण एक कोड कुठल्या ना कुठल्या युक्तीनं चुकवता आला. मोठमोठ्यांची ही गत, तर तुम्ही खट्टू होऊ नका.

नकार सर्व्हरनं द्यायला हवा. पानाबरोबर तो ब्राउझरला जे हेडर (वाचकाला न दिसणाऱ्या सूचना) पाठवतो, त्यांत दोन ओळी वाढवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) :

कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी: फ्रेम-अँसेस्टर्स 'सेल्फ'
एक्स-फ्रेम-ऑप्शन्स: सेमओरिजिन

दोन्हींचा अर्थ एकच : हे पान फक्त माझ्याच साइटच्या फ्रेममध्ये दाखव. दुसरी ओळ जुनी, 2009 साली इंटरनेट एक्सप्लोरर 8 बरोबर आलेली. पहिली ओळ समजणारा ब्राउझर दुसरीकडे बघतच नाही. दुसरी ठेवायची ती केवळ म्हाताऱ्या ब्राउझरांसाठी. ‘सेल्फ’भोवतीची एकेरी अवतरणचिन्हं गाळू नका, नाहीतर ब्राउझर त्याला ‘सेल्फ’ नावाची एखादी साइट समजतो. या ओळी पानाच्या मेटा टॅगमध्ये लिहून भागत नाही, तिथं दोन्ही निकामी. तुमचा सर्व्हर अपाचे असेल तर या ओळी एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत, एनजिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलीत लिहा, आणि दोन्हीकडे ‘ऑलवेज’ हा शब्द, म्हणजे चुकीच्या पत्त्याची पानंही सुटत नाहीत. एनजिनएक्सची एक खोड आहे : आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीच्या नियमांत) तुम्ही दुसरा एखादा हेडर जोडलात, की वरच्या पातळीवर जोडलेले सगळे तिथं गळून पडतात. मुखपृष्ठ सुरक्षित आणि लॉग-इनचं पान उघडं, असा प्रकार बहुधा यातूनच होतो. म्हणून कुठलीही साइट तपासायला घेतली, की मी सर्वांत आधी तिचं लॉग-इनचं पान एका कोऱ्या एचटीएमएल फाइलीतल्या आयफ्रेममध्ये उघडून बघतो. रिकामा चौकोन दिसला आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) नकाराची लाल ओळ आली, की पुढचं काम.

तुम्हाला जाहिरातींचा राग आलाय, तो रास्तच आहे. पण मला काळजी त्या लॉग-इनची वाटते. रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी 2008 साली ‘क्लिकजॅकिंग’ जगापुढे आणलं. तुमचं पान पूर्ण पारदर्शक करून एखाद्या गमतीच्या बटणावर पसरायचं. सभासद गंमत म्हणून क्लिक करतो आणि प्रत्यक्षात दाबलं जातं तुमचं ‘खातं बंद करा’. आजकाल अनेक ब्राउझर परक्या फ्रेममध्ये लॉग-इनची कुकी (सभासदाची ओळख सांगणारी नोंद) आपणहून पाठवत नाहीत, त्यामुळे धोका घटलाय. त्या भरवशावर मात्र राहू नका.

कोर्टकचेरीचा विचार असेल, तर हे भांडण जुनं आहे. 1997 साली वॉशिंग्टन पोस्ट आणि इतर काही वृत्तसंस्थांनी टोटल न्यूज या साइटला याच कारणासाठी कोर्टात खेचलं. त्याच वर्षी तडजोड झाली : फ्रेम बंद, नुसती लिंक चालेल. निकाल लागलाच नाही. दोन ओळी स्वस्त पडतात.

आणि हो, त्या साइटनं तुमचे नमुने स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घेतले असतील, तर यातलं काहीच उपयोगी नाही. ती उघड नक्कल, तिची तक्रार कॉपीराइटखाली करायची.

प्रश्न : आमचं उलटं आहे. आमच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक दोन सहयोगी संस्थांनी आपापल्या साइटवर फ्रेममध्ये दाखवावं, बाकी कुणी नाही. जुन्या एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हेडरमधला, ठरावीक साइटला परवानगी देणारा ‘अलाउ-फ्रॉम’ वापरू का?

उत्तर : नको. क्रोमनं तो कधीच मानला नाही, आणि न मानणारा ब्राउझर तो हेडर अख्खा सोडून देतो, म्हणजे दार सताड उघडं. फ्रेम-अँसेस्टर्सपुढे ‘सेल्फ’ आणि दोन्ही संस्थांचे पत्ते एचटीटीपीएससकट, मध्ये जागा सोडून लिहा, स्वल्पविराम नको. हे फक्त वेळापत्रकाच्या पानासाठी, आणि त्या पानावरून एक्स-फ्रेम-ऑप्शन्स काढून टाका. एखादी संस्था आपली साइट कधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून तर कधी न लावता उघडू देत असेल, तर दोन्ही पत्ते द्या.