बोनेट उघडून बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बजेट तीन लाखांपर्यंत आहे. घणसोलीहून वागळे इस्टेटला रोज जाऊन-येऊन ३० किमी होतात. २०१३ची स्विफ्ट डिझेल (९५,००० किमी) आणि २०१४ची वॅगन आर पेट्रोल (५८,००० किमी) जवळपास एकाच किमतीत मिळताहेत. मित्र म्हणतात, डिझेल घे, अ‍ॅव्हरेज बघ. काय करावं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ९,००० किमी. एवढ्या रनिंगवर डिझेलने वाचवलेले पैसे एकदा टर्बो किंवा इंजेक्टर काढायची वेळ आली की संपतात. त्यात कळवा-ऐरोलीच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या डिझेलचा ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने भरतो. मग पिकअप मरतो आणि धूर वाढतो. तुमच्यासाठी वॅगन आर बरी, अर्थात ती तपासणीत उतरली तर. तिच्या तीन सिलिंडरांमुळे रिकाम्यावर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थोडी थरथर असतेच. स्टिअरिंग आणि सीटपर्यंत जाणवत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिनाचा रबरी आधार) गेलेलं असतं. ते बदलणं फार महागाचं काम नाही.

तरीही डिझेलचा मोह सुटत नसेल, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत तो सुटलेला नसतो, तर काय बघायचं ते सांगतो. हे १२४८ सीसीचं फियाटचं इंजिन. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, व्हिस्टा, सगळ्यांत तेच होतं, त्यामुळे पार्ट्सची अडचण नाही. त्याचा कमकुवत भाग टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि या इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या थोडं वर. एक लिटर कमी झालं की जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ऑइल कमी किंवा जळून घट्ट झालेलं असेल तर टेन्शनर वेळेत भरत नाही, चेन सैल राहते आणि तिला वाट देणारे गाईड झिजतात. विक्रेत्याला बजावून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर आधी बोनेटखाली हात लावून इंजिन खरंच थंड आहे का बघा. मग सेल्फ मारा. पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग कव्हरच्या बाजूने खडखड आली तर चेन, टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेटचा पूर्ण किट बदलायचा खर्च धरूनच भाव करा. नुसती चेन बदलून देणाऱ्या फिटरकडे जाऊ नका.

यानंतर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. हलका वाफारा चालेल. धूर फसफसून बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग इंजिन बंद करून इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढा आणि आत बोट फिरवा. तेलाचा हलका थर नेहमीचा असतो, थेंब ठिबकत असतील तर टर्बोच्या सीलवर संशय घ्या. क्लच बघायला तिसऱ्या गिअरमध्ये २५-३०च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लचप्लेट बदलायला आलीच. त्यासाठी पारसिक हिलचा चढ उत्तम, पाम बीच रोडच्या सपाटीवर काही कळत नाही.

आणखी एक हिशेब राहतो. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं. २०१३च्या गाडीचं २०२८ला संपणार. पुढे फिटनेस दाखवून, ग्रीन टॅक्स भरून पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागतं. विकायला काढाल तेव्हा समोरचा हाच मुद्दा धरून भाव पाडेल, तो तुम्ही आजच धरा.

प्रश्न : भावाने एक सेदान पाहिली. बाजारभावापेक्षा सत्तर-ऐंशी हजारांनी स्वस्त. आत नवं मॅटिंग, नवे सीटकव्हर, अत्तराचा वास. पाण्यात गेलेली असेल का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : जुन्या गाडीत नवं मॅटिंग आणि अत्तर एकत्र दिसलं की मॅटिंग उचलायचंच. डीलर नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

पुढचे-मागचे सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाणी जिथवर चढलं तिथवर पट्ट्यावर मळकट रेघ उरते, आणि पट्ट्याचा शेवटचा भाग धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारा. सीटचे रूळ, त्यांचे बोल्ट आणि खालच्या वायरिंगचे कप्लर (वायरींचे जोड) बघा. पाच-सहा वर्षांच्या गाडीत बोल्टच्या डोक्यावर हलका गंज चालतो, रुळावर पापुद्रे सुटलेले चालत नाहीत. डिकीत स्टेपनी काढून खड्ड्याच्या कोपऱ्यांत बोट घाला. बारीक, पिठासारखा गाळ हा पुराचाच. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये पिनांवर हिरवट थर असेल तर विषय संपला.

इंजिनपेक्षा वायरिंगची भीती जास्त. इंजिन उघडून नीट करता येतं. पण कप्लरमध्ये शिरलेली ओल सहा महिन्यांनी, वर्षाने डोकं वर काढतं. आज पॉवर विंडो, उद्या एबीएसचा दिवा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं युनिट गिअर लिव्हरच्या आसपास, फरशीलगतच असतं. म्हणून चावी ऑन करून एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, हे स्वतः पाहा. दिवा मुळात लागलाच नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो. शेवटी गाडीच्या नंबरावरून विमा कंपनीकडे जुन्या दाव्याची चौकशी करायला विक्रेत्याला सांगा. मालक तो आहे, त्याला माहिती मिळते.

प्रश्न : बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी घ्यावी का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : कागद पूर्ण असतील तर हरकत नाही. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं हवं. नुसतं पेट्रोल असेल तर किट बेकायदा आणि अपघातात विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं निमित्त. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख प्लेटवर असते. पॉलिसीवरही किटची नोंद बघा.

गाडी तपासताना किट बंद करून फक्त पेट्रोलवर किमान पाच किमी चालवा. सीएनजी स्वस्त म्हणून मालक पेट्रोल टाकायचंच सोडतात. टाकीतला फ्यूएल पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे रिकाम्या टाकीत तो लवकर जळतो. घेतल्यावर टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट जास्त झिजते, म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं) करून घ्या. इंजिनाच्या सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांहून जास्त नको. डिकीत गॅस सिलिंडरचे ब्रॅकेट जिथे बोल्टने आवळले आहेत तिथला पत्रा खालूनही बघा.

प्रश्न : वाशी पासिंगची गाडी ठाण्यात राहणाऱ्याने घेतली तर काय कागद लागतात? आणि दिल्लीची गाडी खूप स्वस्त मिळते, ती घ्यावी का?
– एक वाचक, माजिवडा

उत्तर : एमएच-४३ची गाडी एमएच-०४च्या पत्त्यावर करायची म्हणजे राज्यातल्या राज्यातला व्यवहार, नंबर तोच राहतो. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. सह्या केलेले कोरे फॉर्म विक्रेत्याने देऊन टाकू नयेत, घेणाऱ्याने ते महिनोन्‌महिने ठेवू नयेत. पैसे देण्याआधी थकलेले ई-चलान तपासा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची विम्यातली सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला लावा.

दिल्लीची गाडी स्वस्त, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. तिला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी उडते. आमचा कल इथलीच गाडी घेण्याकडे आहे.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या कोंडीत तापमानाचा काटा चढतो, पुढे मोकळ्यावर उतरतो. गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतो.
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : आधी फॅन बघा. उभ्या गाडीत काटा चढतो आणि पळताना उतरतो, म्हणजे पळताना मिळणारा वारा पुरतोय, उभ्याने फॅन तो देत नाही. एसी चालू करा. फॅन लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमाने तपासा. एसीवर फिरतो पण एसी बंद असताना इंजिन तापलं तरी सुरू होत नसेल, तर तापमानाचा सेन्सर संशयित. काटा हायवेवर वेगात चढत असता तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंपाकडे बोट दाखवलं असतं. गरम असताना झाकण उघडू नका. कूलंटच्या जागी बोअरिंगचं पाणी असेल तर ते काढून, आतून धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

प्रश्न : २००९ची आय१० (१.१ लिटर) घेतली. सर्व्हिस बुक नाही. सुरुवात कुठून करू? खालून काळं कोटिंग मारून घेऊ का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : टायमिंग बेल्टपासून. या १.१ इंजिनाला चेन नाही, पट्टा आहे. नोंद नसेल तर तो झालेलाच नाही असं धरा आणि टेन्शनर बेअरिंगसकट बदला. तुटला तर व्हॉल्व्ह वाकून हेड उघडावं लागू शकतं. सोबत वॉटर पंपही बघून घ्या, पट्टा काढलेलाच असतो. मग ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक फ्लुइड (ते हवेतली ओल ओढतं, दर दोन वर्षांनी बदलायचं). टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरला कडेला तडे बघा.

कोटिंग आत्ताच नको. खाडीच्या खारट हवेत पत्रा खालून गंजलेला असेल तर त्यावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज झाकून ठेवतं. आधी प्रेशरने धुवा, दोन दिवस उन्हात वाळू द्या. जॅक लावायच्या जागा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवून पाहा. गंज असेल तिथे घासून प्राइमर, मग कोटिंग. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा आणि कोटिंगवाल्याला ती झाकू देऊ नका.