सुतार पक्षी दिवसभर लाकडावर चोच आपटतो, त्याचं डोकं दुखत नाही का?

नाही. कवटीतलं स्पंजसारखं हाड धक्का शोषून घेतं, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०२२ साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मात्र डोकं थेट हातोड्यासारखं कडक राहतं असं दिसलं. बरोबरच आहे म्हणा, धक्का शोषला तर घावात जोर कुठून येणार? मेंदूच मुळात एवढासा, त्यामुळे तेवढे दणके त्याला सहज झेपतात.

नाशकात गंगापूर रोडला आमच्या कुंपणाजवळच्या आंब्यावर सोनपाठी सुतार येतो. ताठ शेपटी खोडाला टेकवून, तिसरा पाय असल्यासारखा, झटके देत वर सरकतो. आधी हलकेच टकटक करून पोकळ जागा हेरतो, मग ढलप्या उडवतो. खरी गंमत जिभेची! तिला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात, म्हणून ती सर्रकन लांब जाते आणि भेगेतल्या मुंग्या, अळ्या बाहेर ओढते.

माथा पूर्ण लाल असेल तर नर. मादीचा पुढचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके. वाळकी फांदी लगेच छाटू नका, ढोलीसाठी त्याला तीच लागते. पुढे तिथे साळुंक्याही बिऱ्हाड थाटतात.