ऑफिओलाइटमधे (म्हणजे जमिनीवर चढून आलेल्या जुन्या समुद्रतळाच्या तुकड्यात) काळ्या-हिरव्या खडकात पांढरट पट्टे दिसतात, तो ग्रॅनाईटच का?

नाही, दिसायला ग्रॅनाईटसारखा पण तो प्लॅजिओग्रॅनाईट. भिंग घेऊन बघा, पांढऱ्या दाण्यांवर बारीक समांतर रेघा दिसल्या की तो सोडियमवाला प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पार खनिजाचा एक प्रकार) आणि मधे काचेसारखा राखाडी क्वार्ट्झ, थोडा हॉर्नब्लेंड हे काळपट खनिज असतं, त्या हॉर्नब्लेंडचं बऱ्याचदा क्लोराइट-एपिडोट ही हिरवट खनिजं झालेली असतात. आपल्या ओळखीच्या ग्रॅनाईटमधला गुलाबी पोटॅश फेल्डस्पार इथं जवळपास नसतोच, हीच खरी खूण.

आता आला कुठून? समुद्रतळाखाली बेसाल्टचा मॅग्मा निवत जातो, आधी ऑलिव्हिन, पायरॉक्सिन वगैरे खाली बसतात आणि शेवटी थोडासा सिलिकावाला रस उरतो, तो गॅब्रोच्या (त्याच मॅग्माचा खोलवर सावकाश थिजलेला जाड दाण्यांचा खडक) वरच्या भागात आणि डाइकांच्या (भेगांत शिरून थिजलेल्या मॅग्माच्या भिंती) बुडाशी थिजतो. दुसरी वाट म्हणजे समुद्राचं पाणी मुरलेला गॅब्रो परत तापून थोडा वितळतो, अशा रसात टायटॅनियम कमी असतं. माझ्या मते दोन्ही वाटा खऱ्या, एकाच ऑफिओलाइटमधेसुद्धा सापडू शकतात. सायप्रसचा ट्रूडोस डोंगर आणि ओमान इथं हे मस्त दिसतं. शिवाय यात झिरकॉन हे थोडं युरेनियम असलेलं बारीक खनिज मिळतं म्हणून वय काढता येतं, ओमानचं साधारण 9.5 कोटी वर्षं त्यातूनच कळलं.

आपल्या सोलापूरकडं विहीर खणताना काळ्या दगडात जे पांढरं निघतं ना, ते मात्र हे नव्हे, ते बहुतेक झिओलाइट नाहीतर कॅल्साइट, दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मागाहून भरलेलं. लिंबू पिळून फसफसलं तर कॅल्साइट समजा.