गंजलेला पत्र्याचा स्विमिंग पूल: आधी लायनर उचला, मग रंगाचं बोला

तुमचा प्रश्न असा: इंदूरजवळ खंडवा रोडच्या फार्महाउसवर १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंच, जमिनीवर उभा केलेला पत्र्याचा पोहण्याचा पूल आहे. स्किमरखाली (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं, भिंतीत बसवलेलं तोंड) आणि तळाशी गंज दिसतोय. रंगारी म्हणतो, घासून दोन हात मारले की पाच वर्षं बघायला नको. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

रंगाचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. असा पूल बहुतेक वेळा आतून गंजत बाहेर येतो. स्किमरचं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारं रबर, कडक झालं की क्लोरीनचं पाणी लायनरमागे, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या अस्तरामागे, झिरपतं, आधी पत्र्यावरचं जस्त खातं, मग लोखंड. बाहेर ठिपका उमटेपर्यंत आत वीतभर खाऊन झालेलं असतं.

तुमच्याच रस्त्यावरचा एक पूल उन्हाळ्यात खोलला. बाहेरून ताजा निळा रंग, स्किमरखाली रुपयाएवढा फुगवटा, एवढंच. लायनर उचललं तर खारीसारखे पापुद्रे सुटून हातात आले. पेचकस नुसता टेकवला आणि आरपार गेला. गंजाचा पट्टा स्किमरपासून सरळ खाली ट्रॅकपर्यंत, म्हणजे भिंत ज्या खाचेत उभी असते तिथपर्यंत, उतरलेला, आणि ट्रॅकमध्ये काळी माती ठासलेली, भर मे महिन्यातही ओली. आपल्या माळव्याची ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून पत्र्याला ती टेकता कामा नये. रंगानं तिथे झाकण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

हे दिसण्यापुरतं नाही. तुमच्या पुलात काठोकाठ भरला तर २०,००० लिटर, म्हणजे २० टन पाणी मावतं. त्यामुळे भिंतीच्या खालच्या एक फुटाच्या पट्टीवर गोलाईत साधारण साडेसातशे किलोची ओढ बसते, आणि ती ओढ अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पत्रा पेलतो. म्हणून गंज किती आहे यापेक्षा कुठे आहे ते बघा.

पत्र्याची दोन टोकं जिथे बोल्टांनी जोडलेली असतात, तो उभा सांधा आधी तपासा. तिथली भोकं लांबट झाली असतील किंवा त्यांच्या कडा खाल्ल्या असतील, तर भिंत बदला, कारण सगळी ओढ त्या एका रांगेतून जाते. तळाच्या सहा इंचांत दोन-चार जागी पेचकस आरपार जात असेल तरी बदलाच. बाकी ठिकाणी वरवरचा गंज किंवा तळहाताएवढं एखादं भोक असेल, तर दुरुस्ती टिकते.

ती अशी करा. तारेच्या ब्रशनं चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पुसून पूर्ण सुकू द्या. मग झिंक प्रायमर आणि इपॉक्सी रंगाचे दोन हात. भोकावर २२ गेजचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा आतून बसवा, चारी बाजूंनी सहा इंच शाबूत पत्र्यावर जाईल एवढा, पॉलियुरेथेन सीलंट आणि रिव्हेट लावून. रिव्हेटची डोकी घासा आणि वर फोमची पट्टी चिकटवा, नाहीतर लायनर तिथेच फाटतं. सामान इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल. ॲल्युमिनियमचा तुकडा लावू नका. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात. वेल्डिंगही नको. पातळ पत्रा जळून भोक वाढतं, आजूबाजूचं जस्त उडतं आणि तो धूर माणसाला ताप आणतो.

गॅस्केट मात्र नवंच घाला, जुनं परत बसवलंत तर सगळी मेहनत फुकट. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये टाकत असाल तर बंद करा. पंप थांबला की तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. तरंगत्या डब्यात ठेवा, पीएच ७.२ ते ७.६ राखा. फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे तो उलटा धुतल्यावर निघणारं पाणी, भिंतीपासून लांब सोडा.

एक सांगायचं राहिलं. लायनर बरंच जुनं असेल तर ते एकदा काढल्यावर आखडतं आणि पुन्हा नीट बसत नाही. तेव्हा हिशेब दुरुस्ती अधिक नवं लायनर असा मांडा, नुसत्या पत्र्याचा नाही. आणि रिकामी भिंत उघड्यावर तशीच सोडू नका. वादळी वाऱ्यात ती दुमडते, म्हणून आतून बल्ल्यांचा टेकू द्या. तुमचा पूल नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचा असेल, तर यातलं बरंच लागू नाही. तिथे गंजलेली नळी तेवढी त्याच मापाची आणून बदला.