पणजोबा ट्रेंटिनोचे म्हणून इटालियन पासपोर्ट मिळतो का? एजंटने पैसे घेतलेत

ताई, तुमचा मेल वाचला. तुमचे मिस्टर अमेरिकन, त्यांचे पणजोबा 1907 साली इटलीच्या ट्रेंटिनोतल्या वाल दि नोन खोऱ्यातून पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत कामाला गेले, त्या जोरावर पासपोर्ट काढून देतो म्हणून पुण्यातल्या एका एजंटने ऑगस्ट 2025 मध्ये तुमच्याकडून दीड लाख घेतले आणि आता म्हणतोय की गावच्या नगरपालिकेत जन्मदाखला सापडत नाही, शोधायला अजून ऐंशी हजार द्या.

एक रुपया देऊ नका.

दाखला तिथे सापडणारच नाही हो, कारण तेव्हा ट्रेंटिनो इटलीत नव्हतंच, ऑस्ट्रियात होतं, जन्म-मृत्यू चर्चचा पाद्री लिहायचा आणि नगरपालिकेची नोंद 1924 पासून सुरू झाली. ज्याला हे माहीत नाही तो तुमचं काय काम करणार? पणजोबा गेले ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून. 16 जुलै 1920 च्या आधी गेलेल्यांच्या वंशजांसाठी इटलीने 2000 साली नागरिकत्वाचा खास कायदा केला होता, त्याची मुदत डिसेंबर 2010 मध्येच संपली. त्यात 2025 च्या नव्या कायद्याने परदेशात जन्मलेल्यांसाठी वंशाचा हक्क साधारण आईवडील आणि आजीआजोबांपर्यंतच ठेवलाय, म्हणजे पणजोबांचा रस्ता दोन्हीकडून बंद, आणि हे सगळं एजंटने पैसे घेतले त्याच्या आधीचं आहे. हाच तुमच्या केसचा कणा.

आता पैसे परत. आधी लेखी नोटीस, 15 दिवसांची मुदत देऊन. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ऑनलाइन करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं. पावतीवर 'फी परत मिळणार नाही' छापलंय म्हणून घाबरू नका, तेवढ्याने सेवेतली त्रुटी माफ होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चॅट अजिबात डिलीट करू नका, "पासपोर्ट शंभर टक्के" असं त्याने लिहिलेला मेसेज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि मुलांसाठी घराण्याचा शोध घ्यायचाय म्हणालात, तो मात्र जरूर घ्या, त्याला एजंट लागत नाही. 'नाती इन ट्रेंटिनो' ही ऑनलाइन यादी आहे, 1815 ते 1923 मधले जन्म, आईवडिलांच्या नावांसकट. त्यात आईचं माहेरचं आडनाव नक्की जुळवून बघा, कारण एकेका गावात एकच आडनाव इतक्या घरांचं असायचं की ओळखायला प्रत्येक घराण्याला वेगळं टोपणनाव पडायचं. मूळ चर्च नोंदीत नाव लॅटिनमध्ये असू शकतं, जोव्हान्नीचा योहान्नेस झालेला दिसू शकतो, गोंधळू नका. जुन्या नोंदवह्यांसाठी ट्रेंटो शहरातल्या धर्मप्रांताच्या अभिलेखागाराला लिहा. अमेरिकेच्या जहाजाच्या यादीत देश ऑस्ट्रिया लिहिलेला असू शकतो, तोही आपल्या कामाचा पुरावा, त्याची प्रत काढून ठेवा.

पावती, चॅट आणि एजंटशी झालेला करार, तिन्ही स्कॅन करून पाठवा, नोटीशीचा मसुदा मी करून देतो.